साखळीचे शास्त्र : पॉलिमरची तोंडओळख



आपल्या कुंभिवलीच्या आसपास ज्या शब्दांचा रोज उच्चार होतो, त्यांत 'दाणा', 'फिल्म', 'यार्न', 'चिप', 'एचडी', 'एलडी', 'पीपी' हे शब्द कितीतरी वेळा येतात. कारखान्यात गोणी उचलणारा तरुण हे शब्द बोलतो, मशीनवर उभी राहणारी भगिनी बोलते, भंगार विकत घेणारा फेरीवालाही बोलतो. मात्र ह्या शब्दांमागे कोणते शास्त्र आहे, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ह्या विषयावर स्वतंत्र धडा आहे. पण मुले तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पुस्तकातील 'पॉलिमर' आणि बाबांच्या कारखान्यातील 'दाणा' ही एकच वस्तू आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

प्रस्तुत लेखात हा दुवा जोडून देण्याचा आमचा प्रयत्न आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला समजेल आणि शाळा लवकर सोडावी लागलेल्या पालकांनाही पटेल, अशा बेताने आम्ही हा विषय मांडीत आहोत. ह्या विषयाचे ज्ञान केवळ गुणांसाठी नाही. कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांच्या जीविताशी त्याचा संबंध आहे, हे लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट होईल.

पॉलिमर म्हणजे काय?

मुले 'साखळी' नावाचा खेळ खेळतात. ज्याच्यावर राज्य असते तो एकाला पकडतो. मग दोघे हातात हात धरून तिसऱ्याला पकडतात, तिघे मिळून चौथ्याला. अशी साखळी वाढत जाते. पॉलिमर म्हणजे अशीच रेणूंची साखळी होय. तिच्यातील एकेका कडीला 'मोनोमर' म्हणतात. ग्रीक भाषेत 'पॉली' म्हणजे अनेक, 'मोनो' म्हणजे एक आणि 'मेरोस' म्हणजे भाग. मराठी पाठ्यपुस्तकांत पॉलिमरला 'बहुवारिक' आणि मोनोमरला 'एकवारिक' असे शब्द आहेत. कड्या जुळून साखळी होण्याच्या क्रियेला 'बहुवारिकीकरण' म्हणतात. शब्द मोठा असला तरी अर्थ सोपा आहे.

आज ही गोष्ट सोपी वाटते. पण शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञही ती मानावयास तयार नव्हते. रबर, कापूस, रेशीम हे पदार्थ म्हणजे लहान लहान रेणूंचे गोळे असावेत, असा समज होता. १९२० मध्ये हेरमान श्टाउडिंगर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने असे मांडले, की हे पदार्थ हजारो कड्यांच्या अखंड लांब साखळ्यांचे बनलेले आहेत. त्याला पुष्कळ विरोध झाला. अखेर त्याचेच म्हणणे खरे ठरले आणि १९५३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

लांबीचा महिमा

साखळीच्या लांबीने काय फरक पडतो, हे घरातील वस्तूंवरून पाहू. कार्बनचे अणू एकापुढे एक जोडलेले आणि त्यांना हायड्रोजन चिकटलेला, अशी एक साधी रचना घ्या. ह्या रचनेत तीन-चार कार्बन असतील, तर तो पदार्थ वायू असतो. तोच आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील गॅस. कार्बनची संख्या साधारण दहा ते सोळापर्यंत गेली, की तो पदार्थ पातळ होतो. ते झाले रॉकेल. वीस ते चाळीसपर्यंत गेली, की मेण होते. विहारात आपण जी मेणबत्ती लावतो तिच्यातील मेण हेच. आणि हीच रचना हजारो कार्बनपर्यंत लांबवली, की तयार होते पॉलिथिन, म्हणजे बाजारातील पिशवी, पाण्याची टाकी, बादली.

मेणबत्ती नखाने खरवडली तर मेण निघते. पॉलिथिनची बादली मात्र वर्षानुवर्षे आपट खाते. दोहोंतील अणू तेच, जोडणीही तीच. फरक आहे तो केवळ लांबीचा. वीतभर लांबीचे सुतळीचे तुकडे ढिगाने ठेवले तर मूठ घालून सहज वेगळे करता येतात. पण शंभर हात लांबीच्या सुतळ्या एकत्र पडल्या तर त्यांचा असा गुंता होतो, की ओढून सुटत नाही. लांब साखळ्या एकमेकींत अशाच गुंततात, आणि ह्या गुंत्यातच पॉलिमरची ताकद आहे. लाखो कार्बनपर्यंत लांबवलेले पॉलिथिन इतके चिवट होते, की शस्त्रक्रिया करून बसविलेल्या कृत्रिम गुडघ्यात त्याची चकती वापरतात.

विद्यार्थ्यांनी हा पहिला नियम लक्षात ठेवावा : पदार्थ कोणत्या कड्यांचा आहे एवढेच पाहून भागत नाही, साखळी किती लांब आहे हेही पाहावे लागते.

आपल्या शेतातील पॉलिमर

पॉलिमर म्हणजे केवळ प्लास्टिक, हा समज चुकीचा आहे. कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या शेतात पॉलिमर तयार होत आले आहेत. कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधनाचे केंद्र आहे आणि तेथील वाण 'कर्जत' ह्याच नावाने शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. हा भात शास्त्राच्या दृष्टीने पाहिला तर त्यातील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची साखळी आहे.

भाताच्या पिष्टात दोन प्रकारच्या साखळ्या असतात. एक बहुतांशी सरळ, तिला अमायलोज म्हणतात. दुसरी झाडासारखी फांद्या फुटलेली, तिला अमायलोपेक्टिन म्हणतात. ज्या तांदळात सरळ साखळीचे प्रमाण जास्त, त्याचा भात मोकळा, फडफडीत होतो. जिथे ते कमी आणि फांद्यांच्या साखळीचे प्रमाण जास्त, तिथे भात मऊ आणि चिकट होतो. कोणता तांदूळ पुलावाला आणि कोणता मऊ भाताला, हे आपल्या आया-बहिणी दाणा शिजवून सांगतात. त्या अनुभवामागचे एक मुख्य कारण हेच आहे.

आता भाताचा पेंढा घ्या. पेंढ्यातील मुख्य द्रव्य सेल्युलोज. त्याच्याही कड्या ग्लुकोजच्याच! मग माणूस भात खातो, पेंढा का खात नाही? कारण कडी तीच असली तरी ती दुसरीला जोडण्याची तऱ्हा वेगळी आहे. पिष्टातील जोड आपल्या पोटातील पाचकरस तोडू शकतात. सेल्युलोजमध्ये प्रत्येक कडी मागच्या कडीच्या उलट्या अंगाने बसलेली असते. तो जोड आपल्याला तोडता येत नाही. गाय-बैलांच्या पोटातील सूक्ष्म जीव तो तोडतात, म्हणून त्यांचे पेंढ्यावर भागते. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच. त्याच्या एका साखळीत दहा हजारांच्या आसपास कड्या असतात.

हा झाला दुसरा नियम : कडी तीच असूनही जोडणी बदलली, की अन्नाचे वस्त्र होते.

साखळी जुळते कशी?

कड्या जोडण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत.

पहिली पद्धत समावेशनाची. इथिलिन ह्या वायूचा रेणू घ्या. त्यात कार्बनचे दोन अणू असतात आणि त्यांनी एकमेकांचे दोन्ही हात धरलेले असतात. ह्यालाच दुहेरी बंध म्हणतात. एखाद्या तिसऱ्या पदार्थाने ह्या जोडीतील एक हात सोडवला, की तो मोकळा हात शेजारच्या इथिलिनला धरतो. त्यामुळे शेजाऱ्याचा एक हात मोकळा होतो, तो पुढच्याला धरतो. असे क्षणार्धात हजारो रेणू ओवले जातात. 'साखळी'च्या खेळासारखाच हा प्रकार. हात सोडवणाऱ्या पदार्थाला प्रारंभक म्हणतात. १९३३ मध्ये इंग्लंडमधील प्रयोगशाळेत इथिलिनवर प्रचंड दाब दिला असता भांड्यात पांढरे मेणासारखे द्रव्य आढळले. हेच पहिले व्यवहारोपयोगी पॉलिथिन. अशा तऱ्हेने दाबाखाली केलेल्या पॉलिथिनच्या साखळीला फांद्या फुटतात, त्यामुळे साखळ्या दाटीने बसत नाहीत आणि माल मऊ होतो. तोच कारखान्यातील 'एलडी'. पुढे १९५३ मध्ये जर्मनीतील कार्ल झिग्लर ह्यांनी कमी दाबाखाली सरळ साखळी करण्याची युक्ती शोधली. सरळ साखळ्या काटक्यांच्या मोळीसारख्या दाट बसतात, माल कडक होतो. तो 'एचडी'. भातातल्या सरळ आणि फांदीच्या साखळ्यांचीच ही गोष्ट, फक्त प्लास्टिकमधली!

दुसरी पद्धत संघननाची. हिचे उदाहरण आपल्या तालुक्याच्या अंगणातच आहे. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून वीज निर्माण होत आली आहे. घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी तेथून पाताळगंगेत सोडले जाते. त्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, आणि ह्या पाण्याच्या आधारावर खालच्या अंगाला औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. तेथे १९८२ मध्ये रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. पॉलिएस्टर दोन प्रकारच्या कड्यांचे बनते. एक टेरेप्थॅलिक आम्ल आणि दुसरे ग्लायकॉल. प्रत्येकाला दोन हात असतात. आम्लाचा हात ग्लायकॉलच्या हाताला जुळताना मधून पाण्याचा एक रेणू सुटतो. हे पाणी व जास्तीचे ग्लायकॉल सतत ओढून काढावे लागते, नाहीतर जुळलेली साखळी उलट तुटू लागते.

येथे एक मजेदार गणित आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉलेस कॅरोदर्स, ज्यांनी १९३५ मध्ये नायलॉन तयार केले, त्यांनी ते मांडले. शंभर हातांपैकी नव्वद हात जुळले, तर आपण म्हणू की काम जवळजवळ संपले. पण त्या वेळी साखळीची सरासरी लांबी भरते फक्त दहा कड्या! नव्व्याण्णव हात जुळले तर शंभर कड्या होतात. हजारांतील नऊशे नव्व्याण्णव जुळले तर हजार. धाग्याला उपयोगी पडेल असे पॉलिएस्टर साधारण शंभर पुनरावृत्त घटकांच्या साखळीचे असते. म्हणजे शंभरातला शेवटचा एखादा हात जुळविण्यासाठी सारा खटाटोप! कच्च्या मालात एकच हात असलेला रेणू भेसळीने आला, की साखळी तिथेच थांबते. म्हणूनच अशा कारखान्यांत शुद्धतेसाठी एवढा आग्रह असतो. 'साहेब एवढ्याशा कचऱ्यासाठी सारा माल परत पाठवतात' असे म्हणणाऱ्याला हे गणित सांगावे.

तयार पॉलिएस्टर वितळवून बारीक छिद्रांच्या चकतीतून दाबून काढतात. सोऱ्यातून शेवया पाडाव्यात तसे. निघालेला धागा मग ओढून ताणतात. ताणल्याने गुंत्यातील साखळ्या एका दिशेने सरळ होतात आणि धाग्याला बळ येते. ह्या साखळीला पाण्याचे आकर्षण फारसे नसते. साधारण हवेत सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरून ठेवते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. म्हणून टेरिलिनचा सदरा पावसाळ्यातही लवकर वाळतो, आणि म्हणूनच उन्हाळ्यात तो घाम टिपत नाही.

वितळणारे आणि न वितळणारे

भंगारवाला बादली घेतो, पण कुकरची मूठ किंवा जुने काळे बटण घेत नाही. असे का? बादलीतील साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण बांधलेल्या नसतात. तापवले की त्या एकमेकींवरून घसरतात, माल वितळतो, पुन्हा साच्यात घालता येतो. गुळाची ढेप वितळवून पुन्हा ढेप करावी तसे. ह्यांना उष्णमृदू प्लास्टिक म्हणतात. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, पीव्हीसी, पॉलिएस्टर, थर्माकोल हे सारे ह्या जातीचे.

पण कड्यांना दोनऐवजी तीन हात असतील तर? मग साखळी राहत नाही, जाळे होते. सर्व दिशांनी बांधले गेलेले हे जाळे तापवून वितळत नाही. फार तापवले तर करपते. कच्च्या मातीचे मडके पाण्यात पुन्हा चिखल होते, पण भट्टीत भाजलेले मडके होत नाही, तसे हे आहे. ह्यांना उष्णदृढ प्लास्टिक म्हणतात. लिओ बेकलंड ह्यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ह्यांपासून केलेले बेकेलाइट हे ह्या जातीतले पहिले. आपल्या रसायनी गावाला ज्या उद्योगामुळे ओळख मिळाली, त्या सरकारी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना १९६० ची. फॉर्मल्डिहाइड हे तेथील एक उत्पादन होते. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तेथील बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. पण ह्या परिसरातील अनेक घरांत त्या कारखान्याच्या पगारावर मुले शिकली, हे विसरता येत नाही.

कडी विषारी, साखळी निरुपद्रवी

आता आम्ही लेखाच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळतो.

थर्माकोल सर्वांना माहीत आहे. लहान मूल त्याच्याशी खेळते, त्याला काही होत नाही. थर्माकोल म्हणजे हवेने फुगविलेले पॉलिस्टायरिन. त्याची कडी स्टायरिन. ही कडी साखळीत बांधलेली असते तोवर ती जागची हलत नाही, हवेत उडत नाही, श्वासातून शरीरात जात नाही. परंतु मोकळी कडी म्हणजे स्टायरिन हा द्रव सहज वाफ होणारा आणि विषारी आहे. शिवाय त्याला आणखी एक खोड आहे. तो नुसता साठवून ठेवला तरी आपोआप साखळ्या करू लागतो. साखळी जुळताना उष्णता बाहेर पडते; उष्णतेने जुळण्याचा वेग वाढतो; वेग वाढला की उष्णता आणखी वाढते. म्हणून स्टायरिनची टाकी सतत थंड ठेवावी लागते आणि त्यात साखळी रोखणारे द्रव्य, म्हणजे निरोधक, वेळोवेळी घालावे लागते.

ही काळजी घेतली गेली नाही तर काय होते, हे ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळच्या वेंकटापुरम गावाने अनुभवले. टाळेबंदीमुळे एल. जी. पॉलिमर्स हा कारखाना काही आठवडे बंद होता. टाकीतील स्टायरिन तापत गेले, निरोधक पुरेसा नव्हता, साखळ्या जुळू लागल्या आणि उष्णतेने उरलेल्या द्रवाची वाफ होऊन बाहेर पडली. स्टायरिनची वाफ हवेपेक्षा जड; ती जमिनीलगत पसरत झोपलेल्या वस्तीत शिरली. बारा माणसे मृत्युमुखी पडली, शेकडो रुग्णालयात गेली. कारखाना बंद होता म्हणून धोका नव्हता, असे नव्हे. रसायनशास्त्राला टाळेबंदी कळत नाही.

पीव्हीसीच्या पाइपचेही तसेच. पाइप घरात असतो, त्यातून पाणी येते. पण त्याची कडी व्हिनाइल क्लोराइड हा वायू. १९७४ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात, पीव्हीसीच्या कारखान्यात पात्रे खरवडून साफ करण्यासारखी कामे करणाऱ्या कामगारांत यकृताचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग आढळला आणि त्याचे कारण हा वायू असल्याचे उघड झाले. त्यानंतर तेथील हवेतील ह्या वायूची मर्यादा कितीतरी पटींनी खाली आणण्यात आली.

म्हणून तिसरा नियम आम्ही मोठ्या अक्षरांत लिहावा असा आहे : तयार मालाकडे पाहून कच्च्या मालाची परीक्षा करू नये. पिशवी, पाइप, थर्माकोल निरुपद्रवी दिसतात म्हणून ज्यापासून ते होतात तेही तसेच असेल, असे समजणे जिवावर बेतते. टाकी साफ करणे, पिंप रिकामे करणे ही कामे बहुधा कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येतात, आणि ती कामे करणारी मुले आपल्याच वस्त्यांतील असतात. पिंपावरचे चिन्ह वाचता आले पाहिजे. 'ह्यात काय आहे?' हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोक्याच्या पदार्थांची माहिती कामगारांना आणि शेजारच्या जनतेलाही देणे, हे कारखानदाराचे कर्तव्य ठरले. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवण्यात आली आहे. हा आपला हक्क आहे. पण माहिती मिळाली तरी ती समजण्यास थोडे रसायनशास्त्र यावे लागते.

वायुगळतीची शंका आली तर वाऱ्याच्या दिशेने पळू नये. वाऱ्याला आडवे जाऊन उंच जागा गाठावी, हेही मुलांना सांगून ठेवावे.

साखळी जाळू नये

आपल्या काही घरांत चूल पेटविताना प्लास्टिकची पिशवी किंवा तुकडा घालण्याची सवय आहे. ओली लाकडे पटकन पेट घेतात, हे खरे. पण त्याची किंमत श्वासाने चुकवावी लागते. साखळी जाळणे म्हणजे तिचे वाटेल तसे तुकडे करून ते मोकळे सोडणे. पॉलिथिन अर्धवट जळाले तर काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. पीव्हीसीच्या वजनातील अर्ध्याहून अधिक भाग क्लोरीन असतो. तो जळताच मिठाच्या आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. तांब्यासाठी वायरी जाळणारे हीच विषे ओढून घेतात. गादीचा फोम आणि नायलॉन जळताना सायनाइडचा वायू निर्माण होऊ शकतो. चुलीजवळ बसते ती माउली आणि तिच्या मांडीवरचे मूल. तेव्हा चुलीत प्लास्टिक घालणे आजपासून बंद करावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

न जाळता फेकले, तरी साखळी सहजासहजी नाहीशी होत नाही. उन्हातील अतिनील किरण साखळ्या तोडतात. म्हणून घरावर घातलेला प्लास्टिकचा कागद दोन-तीन हंगामांत ठिसूळ होऊन त्याच्या चिंध्या होतात. लांबी गेली की बळ गेले, हा पहिलाच नियम. पाण्याच्या टाक्या काळ्या असतात त्यातही शास्त्र आहे. त्यांतील काजळी ऊन अडवते आणि साखळी वाचवते. मात्र तुकडे झाले म्हणजे कचरा संपला असे नव्हे. ते बारीक कण होऊन माती-पाण्यात राहतात. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून टाकण्याच्या कित्येक वस्तू बंद झाल्या. कायद्याचे पालन तर करावेच. पण त्यामागील कारण समजून केले तर ते टिकते.

घरच्या घरी प्रयोग

बाटल्या-डब्यांच्या बुडाशी त्रिकोणात एक अंक असतो. १ म्हणजे पेट, म्हणजेच बाटलीचे पॉलिएस्टर, २ म्हणजे एचडी, ३ पीव्हीसी, ४ एलडी, ५ पॉलिप्रॉपिलिन, ६ पॉलिस्टायरिन, ७ म्हणजे इतर. आठवडाभर घरातील प्रत्येक प्लास्टिकच्या वस्तूचा अंक वहीत लिहून ठेवा.

मग एक पाण्याची बाटली घ्या. तिचा आणि तिच्या झाकणाचा एकेक तुकडा मोठ्या माणसाच्या मदतीने कापून पाण्यात टाका आणि बोटाने बुडवून सोडा. झाकण तरंगेल, बाटलीचा तुकडा बुडेल. झाकण एचडीचे किंवा पॉलिप्रॉपिलिनचे असते. ते पाण्यापेक्षा हलके. बाटलीचे पेट पाण्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाहून अधिक जड. आता जुन्या पेनाच्या पारदर्शक, कडक नळीचा तुकडा घ्या. ती पॉलिस्टायरिनची असेल, तर साध्या पाण्यात तुकडा बुडेल. पाण्यात भरपूर मीठ विरघळवले, की वर येईल. कारखान्यात प्लास्टिकचा कचरा वेगळा करताना हेच तत्त्व वापरतात. ओळखण्यासाठी प्लास्टिक जाळून वास घेण्याची रीत मात्र कोणीही करू नये.

पुढचे शिक्षण

ह्या विषयात पुढे जावयाचे असेल तर वाटा अनेक आहेत. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रासायनिक कारखान्यातील ऑपरेटरचा अभ्यासक्रम असतो. ज्याला पदविका किंवा पदवी करावयाची आहे, त्याच्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथे 'सिपेट' ही प्लास्टिक व पेट्रोरसायन तंत्रज्ञानाची केंद्र सरकारी संस्था आहे. मुंबईत माटुंग्याला १९३३ मध्ये सुरू झालेली, आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी विद्यापीठ दर्जाची संस्था आहे. पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिचे १९८९ ते १९९५ ह्या काळात संचालक असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांनी पॉलिमरच्याच क्षेत्रात संशोधन केले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला, मुंबईत आईच्या कष्टांवर शिकलेला हा गोव्याचा मुलगा पुढे देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा महासंचालक झाला. तेव्हा परिस्थितीचे कारण सांगून थांबण्याचे प्रयोजन नाही.

आज आपल्या वस्त्यांतील पुष्कळ मुले ह्या कारखान्यांच्या फाटकातून आत जातात ती गोण्या उचलण्यासाठी. काम कोणतेही हलके नाही. पण त्याच फाटकातून प्रयोगशाळेत बसणारी, साखळीची लांबी मोजणारी, टाकीचे तापमान वाचून वेळीच धोक्याची घंटा वाजविणारी मुले-मुलीही गेली पाहिजेत. पालकांनी मुलांना, विशेषतः मुलींना, दहावीनंतर विज्ञान घ्यावयाचे असेल तर अडवू नये. आणि मुलांनी बाबा कामावरून आले, की एक प्रश्न जरूर विचारावा : आज तुम्ही जी गोणी उचलली, तिच्यावर काय लिहिले होते?